बारा आण्यांचा मसाला

खिशात मावणाऱ्या एलईडी टॉर्चमध्ये सेल आणि दिवा यांच्या मधोमध रुपयाच्या नाण्याहून लहान अशी एक गोल चकती बसवलेली असते. तिला ड्रायव्हर म्हणतात. पुष्कळ टॉर्चमध्ये तिचा व्यास १७ मिलिमीटर असतो. चकतीवर आठ पायांची एक काळी चिप असते आणि दिवा कधी प्रखर जळायचा, कधी मंद, कधी लुकलुकायचा याचे सर्वाधिकार तिच्याकडे असतात. बरीच वर्षे या पदावर एटीटायनी १३ए ही चिप नेमली जात असे. प्रोग्रामसाठी तिच्याकडे १,०२४ बाइट जागा असते, चालू कामासाठी ६४ बाइट, आणि वीज तुटल्यावरही लक्षात ठेवायच्या गोष्टींसाठी वेगळे ६४. देवनागरीतले एक चिन्ह संगणकावर साठवायला साधारणपणे ३ बाइट लागतात. म्हणजे ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ ही म्हण तिच्या कामकाजाच्या स्मृतीत मावत नाही. लागू मात्र ती तिलाच पडते.

चिपमधला प्रोग्राम बदलण्याची इच्छा माणसाला का व्हावी, हे कारखान्यातून आलेला क्रम पाहिला की कळते. प्रखर, मध्यम, मंद, मग स्ट्रोब, मग एसओएस असा पाच पायऱ्यांचा क्रम स्वस्त टॉर्चमध्ये सर्रास आढळतो. बटण अर्धवट दाबले की पुढची पायरी येते. मध्यरात्री घर न उठवता पाण्याचा तांब्या शोधणाऱ्याला मंद उजेड हवा असतो. ती पायरी हुकली की पुन्हा पहिल्या पायरीवर येण्याचा रस्ता स्ट्रोब आणि एसओएस यांच्यातूनच जातो. म्हणजे आधी सेकंदाला अनेकदा होणारा लखलखाट आणि मग तीन ठिपके, तीन रेघा, तीन ठिपके. हा संकेत १९०६ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत संकटात सापडलेल्या जहाजांसाठी मान्य झाला. स्वयंपाकघरात जहाज बुडण्याची शक्यता कमी असली, तरी टॉर्च बनवणाऱ्यांनी ती पूर्णपणे फेटाळलेली नाही. डेटाशीटनुसार २५ अंश तापमानात चिपमधला मजकूर १०० वर्षे टिकतो, त्यामुळे ती एसओएस आपोआप विसरेल या आशेवर राहता येत नाही.

नवा प्रोग्राम चिपमध्ये उतरवायला प्रत्यक्षात काही सेकंद लागतात. बाकीचे सगळे सामान, आणि बाकीचा सगळा रविवार, तिच्या आठ पायांपर्यंत पोचण्यात जातो.

पहिला अडथळा पितळेचा असतो. ड्रायव्हर टॉर्चच्या डोक्यात एका आट्यांच्या कड्याने आवळलेला असतो आणि त्या कड्याला समोरासमोर दोन बारीक खाचा असतात. त्यांत बसणारी टोकदार पक्कड बाजारात मिळते. ती नसलेले लोक मजबूत चिमट्याची दोन टोके खाचांत घालून फिरवतात. चिमटा घसरतो, आणि घसरल्यावर चकतीच्या मधली स्प्रिंग किंवा डाव्या हाताचे बोट यांपैकी जे जास्त महत्त्वाचे असेल त्यात जातो. काही कारखाने डोक्याच्या आट्यांना गोंद लावून ठेवतात. अशा वेळी सामानात हेअर ड्रायर आणि रबरी पट्ट्याचा पाना यांची भर पडते, तसेच घरात हेअर ड्रायर ज्यांच्या मालकीचा असतो त्यांना द्यायच्या स्पष्टीकरणाचीही.

कडे निघाले तरी चकती बाहेर येत नाही. तिच्या पाठीमागून दिव्याकडे दोन वायर गेलेल्या असतात. त्या आखूड असतात, आणि चिप पुष्कळदा त्याच पाठीमागच्या बाजूला असते. वायरींचे डाग सोडवायला सोल्डरिंग आयर्न लागते, त्याच्याबरोबर बारीक कथील, फ्लक्स, आणि तापलेले आयर्न ठेवायला स्टँड. हा स्टँड सगळ्यांत शेवटी विकत घेतला जातो. त्याआधी ते काम टेबलाची कड करते आणि तिच्यावर तशी नोंद राहते.

चकती हातात आली की खरा प्रश्न समोर येतो, तो चिपचे पाय धरण्याचा. पायांमधले अंतर १.२७ मिलिमीटर असते. आठपैकी सहा पाय कामाचे: एक वीज आत घेणारा, एक जमिनीचा, एक रीसेटचा, एक घड्याळाचे ठोके घेणारा, एकातून माहिती आत जाते आणि एकातून बाहेर येते. उरलेले दोन पाय या व्यवहारात नुसते उभे असतात. या पायांना डाग न देता तात्पुरते जोडून घेण्यासाठी एसओआयसी-८ नावाची क्लिप मिळते. कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यासारखी ही वस्तू असून तिच्या प्रत्येक जबड्यात चार सोनेरी दात असतात. तिने चिपला वरून चावा घ्यायचा आणि चावा सुटायच्या आत काम उरकायचे, अशी पद्धत आहे.

या क्लिपच्या बाबतीत कंजूषपणा करू नये. प्रोग्राम उतरवणारी पट्टी स्वस्तातली चालते, वायरी स्वस्तातल्या चालतात, सोल्डरिंग आयर्नसुद्धा एकवेळ निभावते. पण स्वस्त क्लिपचे दात आठवडाभरात आत जातात आणि मग तिचा चावा आठांपैकी पाच-सहा पायांनाच लागतो. कुठल्या पायांना लागला नाही हे ती सांगत नाही. पोमोना या कंपनीची ५२५० क्रमांकाची क्लिप या कामासाठी जाणकारांत नावाजलेली आहे. तिची किंमत ऐकून माणूस आधी स्वस्त क्लिप घेतो, मग दुसरी स्वस्त क्लिप घेतो, आणि मग पोमोनाची घेतो.

चांगल्या क्लिपलाही शेजाऱ्यांचा त्रास होतो. १७ मिलिमीटरच्या चकतीवर चिप एकटी राहत नाही. तिच्या अंगाला अंग लावून रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड आणि ७१३५ नावाचे करंट नियंत्रक बसलेले असतात. क्लिपचा जबडा त्यांच्या डोक्यावर टेकतो आणि दात पायांपर्यंत पोचतच नाहीत. त्यावरचा प्रस्थापित उपाय म्हणजे क्लिपचा प्लास्टिकचा जबडा कानशीने घासून बारीक करणे. म्हणून महागड्या क्लिपच्या पाठोपाठ यादीत कानस येते. शिवाय चिपा दोन रुंदींच्या असतात. चकत्यांवर नेहमी दिसणारी १३ए ची आवृत्ती अरुंद बांध्याची, तर तिची थोरली बहीण एटीटायनी ८५ ऐसपैस. दोघींच्या पायांची कामे मात्र अगदी एकाच क्रमाने लावलेली असतात. ही सोय मुद्दाम केलेली आहे आणि तिचा गैरफायदाही घेतला जातो, तो पुढे येईल.

चिपच्या एका कोपऱ्यात बारीक ठिपका असतो. तो पहिला पाय दाखवतो, आणि क्लिपच्या पट्टीतली लाल वायर त्याच बाजूला यायला हवी. ठिपका पाहायला भिंग लागते. चाळिशी ओलांडलेल्यांना भिंगाबरोबर दिवाही लागतो, आणि घरातला चांगला टॉर्च नेमका उघडून ठेवलेला असतो. क्लिप उलटी बसली तर पहिल्या पायाचा पाचवा होतो आणि चौथ्याचा आठवा. चौथा पाय जमिनीचा आणि आठवा विजेचा, त्यामुळे वीज उलट दिशेने वाहू लागते. चिप तापते, संगणक तक्रार करतो, आणि बहुतेक वेळा दोघेही वाचतात. या ‘बहुतेक वेळा’च्या भरवशावर छंद टिकून आहे.

क्लिपचे दुसरे टोक प्रोग्रामर नावाच्या काडेपेटीएवढ्या पट्टीला जोडतात आणि ती पट्टी संगणकाच्या यूएसबीत खोचतात. या कामातली सर्वांत प्रसिद्ध पट्टी म्हणजे यूएसबीएएसपी. थोमास फिशल या जर्मन तंत्रज्ञाने तिचा आराखडा आणि प्रोग्राम सर्वांसाठी खुला ठेवला, त्यामुळे चिनी कारखान्यांनी तिच्या असंख्य प्रती काढल्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीनुसार डॉ. भडकमकर मार्गावर, किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीच्या आसपास ती मागितली तर दुकानदार मान वर न करता देतो. टॉर्चसाठी हवी आहे असे सांगितले तर मात्र मान वर करतो.

या पट्टीवर स्वतःची एक चिप असते, बहुधा एटीमेगा ८. तिच्यातही कुणीतरी प्रोग्राम भरलेला असावा लागतो, आणि तो भरण्यासाठी प्रोग्रामर लागतो. यूएसबीएएसपी स्वतःच्या हाताने बनवू पाहणाऱ्याला ही गोष्ट सगळे सुटे भाग जोडून झाल्यावर कळते. या वंशावळीच्या मुळाशी नॉर्वेतल्या ट्रॉन्हेम इथले आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान हे त्या वेळचे दोन विद्यार्थी आहेत. या चिपा ज्या एव्हीआर घराण्यातल्या, त्याची मूळ रचना त्यांची. अ‍ॅटमेल कंपनीने ती बाजारात आणली आणि २०१६ साली मायक्रोचिपने अ‍ॅटमेललाच विकत घेतले. या सगळ्या घडामोडींत टॉर्चच्या एसओएसला धक्का लागला नाही.

प्रोग्रामरच्या तोंडाला दहा टाचण्या असतात, क्लिपला आठ वायरी, आणि काम सहांचे. हा हिशेब जमवायला मधे सुट्या जंपर वायरी घालाव्या लागतात. त्यांची टोके टाचणीची किंवा खोबणीची असतात आणि घरात शिल्लक असलेल्या वायरी नेमक्या उलट जातीच्या निघतात. पट्टीवर ५ आणि ३.३ व्होल्ट यांतून निवड करण्याची सोयही असते. नवख्यांची बरीच झोप या निवडीपायी जाते; वस्तुतः चिप १.८ पासून ५.५ व्होल्टपर्यंत काहीही गोड मानून घेते. काळजी करायचीच तर सेलची करावी. टॉर्चमध्ये सेल ठेवून प्रोग्रामर जोडला तर चिपला दोन बाजूंनी वीज मिळते, आणि त्या दोन विजांचे आपसांत पटेलच असे नाही. सेल काढून ठेवणे ही या छंदातली एकमेव गोष्ट आहे जिला कुठलेही अवजार लागत नाही. विसरले जाते ते नेमके हेच.

ज्यांच्याकडे आर्डुइनो उनो नावाचा बोर्ड आधीपासून पडून आहे, ते यूएसबीएएसपी न घेता त्यालाच प्रोग्रामरचे सोंग देतात. तसा तयार प्रोग्राम आर्डुइनोबरोबरच मिळतो. अडचण एवढीच की संगणकाने संवाद सुरू करताच उनो सवयीने स्वतःलाच पुन्हा सुरू करतो आणि आपण प्रोग्रामरच्या भूमिकेत आहोत हे विसरून नवा प्रोग्राम घ्यायला स्वतःच हात पुढे करतो. त्याची ही सवय मोडायला रीसेट आणि जमीन यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर खोचतात. कपॅसिटर घरात नसतो. तो आणायला गेलेला माणूस यूएसबीएएसपीही घेऊन येतो.

संगणकावर एव्हीआरड्यूड नावाचा प्रोग्राम चालवावा लागतो. विंडोजवर त्याआधी पट्टीची ओळख पटवून देण्यासाठी झॅडिग नावाचे आणखी एक साधन लागते. एव्हीआरड्यूड सुरू होताच चिपकडे सही मागतो. १३ए ची सही तीन बाइटांची ठरलेली असते. बँकेतल्याप्रमाणे ती जुळली तरच व्यवहार पुढे सरकतो. उत्तरात नुसती शून्ये आली तर क्लिपचा एखादा दात हवेत आहे असे समजावे. कारखान्यातून नवी निघालेली १३ए सेकंदाला १२ लाख ठोके या संथ गतीने चालते, आणि संवादाची गती तिच्या पावपटीच्या आत ठेवावी लागते. गती कमी करायला सांगितले की चिनी प्रतींतल्या जुन्या पट्ट्या आपल्याला ते जमत नाही असे कळवतात आणि नवा प्रोग्राम मागतात, म्हणजे प्रोग्रामरला प्रोग्राम करायला दुसरा प्रोग्रामर हवा. या इशाऱ्याकडे अनुभवी मंडळी ढुंकून पाहत नाहीत आणि पुष्कळदा काम तरीही होते. एव्हीआरड्यूडच्या अनेक आवृत्त्यांची एक सभ्यता नोंदवण्याजोगी आहे: काम फत्ते होवो की साफ बिघडो, शेवटी त्या ‘काम संपले, आभारी आहे’ या अर्थाची इंग्रजी ओळ छापतात. विसाव्या अपयशानंतर हे आभार वाचणाऱ्याच्या मनात काय येते ते संदर्भग्रंथात देता येत नाही.

बिघडण्याची भीती लोकांना वाटते तितकी खरी नसते. निम्म्यात क्लिप सुटली तर चिप मरत नाही. पुन्हा चावा घ्यायचा आणि पुन्हा लिहायचे. तिच्यावर १०,००० वेळा लिहिता येते आणि एवढी सहनशक्ती तिच्या मालकाकडे नसते. अपवाद फ्यूज नावाच्या बाइटांचा. यांचा वायरच्या फ्यूजशी संबंध नाही. चिपच्या मूलभूत सवयी त्यांत लिहिलेल्या असतात. त्यांतली एक सवय बदलली की रीसेटचा पाय साधा पाय म्हणून वापरता येतो. एक पाय जास्त मिळतो, हाव सुटते. पण त्याच पायाने आत शिरायचा रस्ता असतो, तो आतून बंद होतो. ते दार पुन्हा उघडायला १२ व्होल्ट देणारा वेगळा हाय-व्होल्टेज प्रोग्रामर लागतो. एवढा दाब चकतीवरच्या शेजाऱ्यांना सोसवत नाही, म्हणून चिप आधी उपटून काढावी लागते, आणि त्यासाठी गरम हवेचा झोत सोडणारे यंत्र लागते. एका आकड्याची चूक आणि टेबलावर दोन नवी यंत्रे.

गरम हवेचे यंत्र एकदा घरात आले की ते नुसते बसू देत नाही. १३ए च्या १,०२४ बाइटांत कोंबून प्रोग्राम लिहिण्याऐवजी तिच्या जागी ८,१९२ बाइटांची ८५ बसवावी, असा विचार याच टप्प्यावर सुचतो. पायांचा क्रम एकच असल्याने जोडणी बदलावी लागत नाही. पण ८५ रुंद, आणि चकतीवरची जागा अरुंद. मग तिचे पाय पकडीने पोटाखाली दुमडून तिला त्या जागेवर बसवतात. डेटाशीटमध्ये या आसनाचा उल्लेख नाही, पण अशा बसलेल्या चिपा वर्षानुवर्षे बिनतक्रार काम करतात.

याच्या उलट टोकाला एक मार्ग असा आहे की ज्यात यांपैकी काहीच लागत नाही. नॅनजी १०५सी या एके काळी घरोघरी, निदान छंदिष्टांच्या घरोघरी, पोचलेल्या ड्रायव्हरवर कडेला चार छोटे तारे छापलेले असत. ठरावीक तारा कथलाच्या एका थेंबाने बाहेरच्या कड्याशी जोडला की पायऱ्यांचा संच बदलत असे. सोल्डरिंग आयर्न आणि एक मिनिट, एवढाच खर्च. ज्यांना फक्त स्ट्रोबचा वैताग होता त्यांचे काम इथे संपायला हवे होते. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना ही सोय क्लिप विकत घेतल्यानंतर कळली, आणि घेतलेली क्लिप वाया घालवणे मराठी किंवा कुठल्याच मध्यमवर्गाला परवडत नाही.

अलीकडच्या टॉर्चनी पायांचा प्रश्न पायच काढून टाकून सोडवला. त्यांच्यात एटीटायनी १६१६ सारखी चिप असते: २० टोके, पण सगळी अंगाखाली सपाट, चावा घ्यायला काही नाही. तिच्यात १६ किलोबाइट जागा असते आणि तीत अँडुरिल नावाचा प्रोग्राम आरामात राहतो. टॉल्किनच्या कादंबरीतल्या तलवारीचे नाव असलेला हा प्रोग्राम एका बटणावर चालतो: तीन टिचक्या म्हणजे सेल तपासणी, टिचक्या वाढल्या की अर्थ बदलतो, आणि वापरण्यासाठी तक्ता जवळ बाळगावा लागतो. तो तक्ता वाचायला उजेड लागतो.

या चिपला यूपीडीआय या पद्धतीने प्रोग्राम करतात. सहांच्या जागी तीनच जोडण्या, वीज, जमीन आणि माहितीची एकुलती एक वायर. निर्मात्यांनी कृपा करून चकतीच्या सेलकडच्या बाजूला या तीन जोडण्यांचे तांब्याचे ठिपके उघडे ठेवलेले असतात, त्यामुळे अनेक टॉर्चमध्ये नळी फिरवून काढली की काम सुरू करता येते. चिमटा नको, डाग नको, हेअर ड्रायर नको. प्रोग्रामरही स्वस्त: सीएच३४० चिप असलेला साधा यूएसबी-सिरियल अडॅप्टर आणि त्याच्या बाहेर पाठवणाऱ्या व आत घेणाऱ्या टोकांच्या मध्ये एक रेझिस्टर. ठिपक्यांवर टेकवायला स्प्रिंग बसवलेल्या तीन टाचण्यांची पट्टी मिळते. त्यांना पोगो पिन म्हणतात.

एवढे सोपे झाल्यावर माणसाच्या शरीररचनेतली उणीव उघडी पडते. एक हात टॉर्च धरतो, दुसरा पोगो पिन दाबून धरतो आणि एंटर दाबायला कुणीच उरत नाही. जाणकार आज्ञा आधी लिहून ठेवतात आणि कोपराने, हनुवटीने किंवा घरातल्या एखाद्या विश्वासू माणसाकडून एंटर दाबून घेतात. विश्वासू माणूस नेमक्या क्षणी ‘आता दाबू का?’ असे विचारतो, त्याच्याकडे वळून पाहताना पिन सरकते, आणि एव्हीआरड्यूड आभार मानतो. टॉर्च पकडायला टेबलावरचा छोटा वाईस घेतला की हा प्रश्न मिटतो. त्याची किंमत बहुधा टॉर्चच्या आसपास असते.

प्रोग्राम उतरला, पडताळणी झाली, डाग परत दिले, कडे आवळले की शेवटचे उपकरण उरते. ते म्हणजे मल्टिमीटर. जुळणी बरोबर झाली का हे पाहण्यासाठी टॉर्चची मागची टोपी काढून तिथे करंट मोजतात. ७१३५ चा एक नियंत्रक सुमारे ३५० मिलिअँपिअर सोडतो, त्यामुळे आठ नियंत्रकांच्या ड्रायव्हरने प्रखर पायरीवर २.८ अँपिअरच्या आसपास दाखवावे. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालावी. मिलिअँपिअरच्या भोकात घातली तर मीटरचा फ्यूज उडतो, आणि हा फ्यूज मात्र खराखुरा तारेचा असतो. आकडा कमी आला तर प्रोग्रामवर संशय घेण्याआधी मीटरच्या वायरी बदलून पाहाव्यात. मीटरबरोबर येणाऱ्या वायरी इतक्या बारीक असतात की एवढा करंट त्यांच्यातच अडतो, म्हणून जाड तांब्याच्या तारेचे दोन आखूड तुकडे वेगळे आणून ठेवतात.